जड जिभेची माणसे आणि ऐकणारी यंत्रे



मागच्या हिवाळ्यात मी तीन महिने दुबईला होते. माझा धाकटा भाऊ तिथे अल कुसैसमध्ये मुलाकडे राहतो. वय ७१. सारा जन्म जहाजदुरुस्तीच्या कामात गेला, आधी मुंबईच्या गोदीत आणि मग आखातात. ऑक्टोबर महिन्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरला, उजवा हात अजून कमजोर आहे. पण बोलणे बिघडले ते बिघडलेच. आवाज येत होता, पण शब्द असे निघत की घरच्यांनाही उमगू नयेत.

पुतण्या हुशार आहे आणि बापावर त्याचा जीव आहे. बाबांना जागेवरून न उठता दिवा, एसी चालवता यावा म्हणून त्याने आवाजावर चालणारा स्पीकर आणून हॉलमध्ये ठेवला. भावाने त्याला सांगितले, "लाइट ऑफ." यंत्राने इंग्रजीत उत्तर दिले की मला समजले नाही. त्याने पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी जोर लावून, मान पुढे काढून सांगितले. तेव्हा यंत्र हवामान सांगू लागले. घरातले सगळे हसले, नातवंडेही हसली. तोही हसला. त्यानंतर चार दिवस त्याने तोंड उघडले नाही.

मी ३६ वर्षे वॉर्डात काढली. पक्षाघाताचे पेशंट खूप पाहिले, त्यांची पाठ पुसली, नळीतून अन्न दिले. पण घरी गेल्यावर हा माणूस बोलणार कसा, याचा विचार आम्ही सिस्टर लोकांनी फारसा केला नाही. तो विचार मला भावाच्या घरी करावा लागला. आपल्या समाजातली कितीतरी मुले आज आखातात आहेत आणि त्यांचे आईवडील त्यांच्याकडे जाऊन राहतात. म्हणून हा विषय इथे मांडते आहे.

आधी दोष कोणता ते ओळखा

"बोलता येत नाही" असे आपण सरसकट म्हणतो. पण त्यामागे निरनिराळी कारणे असतात आणि प्रत्येकाला निराळे साधन लागते. हे न पाहता यंत्र विकत घेतले तर पैसे जातात आणि पेशंटचे मन खचते.

पहिला प्रकार डिसार्थ्रिया. यात ओठ, जीभ, टाळू, घसा यांचे स्नायू दुबळे होतात किंवा त्यांचा मेळ बसत नाही. डोक्यात शब्द शाबूत असतात, समोरच्याचे सगळे समजते, वाचता येते, फक्त उच्चार नीट होत नाही. पक्षाघात, पार्किन्सन, डोक्याला मार, तसेच जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेली मुले, यांत हा दोष दिसतो. माझ्या भावाला हाच आहे.

दुसरा प्रकार अफेजिया, म्हणजे वाचाघात. यात जीभ हलते, पण मेंदूतले भाषेचे कोठारच विस्कटते. हवा तो शब्द सापडत नाही, भलताच शब्द येतो, कधी दुसऱ्याचे बोलणेही नीट समजत नाही. लिहिणे-वाचणेही बिघडते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी अशा एका पेशंटची हकिकत मांडली. तो माणूस कितीतरी वर्षे "तान" एवढा एकच आवाज काढत असे. मृत्यूनंतर त्याचा मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड सापडला. बोलण्याचे काम मेंदूच्या ठरावीक जागी चालते हे तेव्हापासून वैद्यकशास्त्र मानू लागले.

या पेशंटांची एक गंमत असते. ज्याला "पाणी" म्हणता येत नाही त्याला एक ते दहा आकडे, लहानपणीचे गाणे किंवा पाठ असलेली प्रार्थना मात्र येते. आमच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते. मुलीचे नाव त्यांना घेता येत नसे, पण शुक्रवारी संध्याकाळी किद्दूश म्हणत. नातेवाइकांना वाटे की हे मुद्दाम बोलत नाहीत. तसे नसते. पाठ केलेले आणि सुरात म्हटलेले शब्द मेंदू निराळ्या वाटेने आणतो. याच धाग्यावरून बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली सुरात बोलायला शिकवण्याची उपचारपद्धत पुढे आणली. आपल्याकडे तर मराठी कीर्तनांची परंपरा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचाघात झाला असेल तर त्यांच्याबरोबर गाऊन पाहा.

याशिवाय घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढलेले लोक असतात. त्यांचा आवाज जातो, पण ओठ-जीभ ठीक असतात. मोटर न्यूरॉनच्या आजारात बोलणे हळूहळू कमी होत जाते. काही स्वमग्न मुले बोलायला लागतच नाहीत.

घरी अंदाज घेण्याची एक साधी रीत सांगते. पेशंटला मुद्दाम चुकीचे विचारा, "हा तुमचा भाऊ का?" आणि बोट मुलाकडे दाखवा. त्याने लगेच मान हलवून नाही म्हटले, डोळ्यांनी तुम्हाला वेड्यात काढले, आणि डाव्या हाताने वेडेवाकडे का होईना नाव लिहिले, तर शब्द शाबूत असण्याची शक्यता मोठी. पण खरे निदान स्पीच थेरपिस्टनेच करायचे. तेच गिळण्याची तपासणीही करतात, आणि ती फार महत्त्वाची आहे. ज्याची जीभ बोलताना अडते त्याची गिळतानाही अडू शकते. झटक्यानंतर ही तपासणी होण्याआधी तोंडात पाणी किंवा चहा घालू नका. ते श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो.

यंत्र अडखळते ते का?

आता त्या स्पीकरकडे वळू. आवाज ओळखणारी यंत्रे हजारो तासांची बोलणी ऐकवून तयार केलेली असतात. ती बोलणी बहुतेक स्पष्ट उच्चाराच्या माणसांची असतात. म्हणून जड जिभेच्या माणसाचे बोलणे त्यांच्या साच्यात बसत नाही. माझ्या भावाची चूक काही नव्हती. त्या यंत्राने त्याच्यासारखे बोलणे कधी ऐकलेच नव्हते.

हाच प्रश्न इस्राएलमधल्या डॅनी वाइसबर्ग यांना पडला होता. त्यांच्या आजीला पक्षाघात झाला आणि तिचे बोलणे समजेनासे झाले. २०१२ साली त्यांनी स्टास टिओमकिन यांच्याबरोबर व्हॉइसइट ही कंपनी काढली. त्यांची कल्पना उलटी आहे. माणसाने यंत्राच्या साच्यात बसायचे नाही, यंत्राने त्या एका माणसाचा साचा शिकायचा. पेशंट पडद्यावर दिलेली वाक्ये आपल्या उच्चारात पुन्हा पुन्हा म्हणतो. यंत्र प्रत्येक वेळचा आवाज साठवते आणि या माणसाचे "वॉटर" असे ऐकू येते हे लक्षात ठेवते. पुढे त्याने तसाच आवाज काढला की यंत्र तो शब्द स्वच्छ आवाजात बोलून दाखवते किंवा लिहून देते. सुरुवातीला ठरवून दिलेली वाक्येच चालत, नंतर सलग बोलणे ओळखणारी आवृत्ती आली. डिसेंबर २०२० मध्ये हे ॲप ॲमेझॉनच्या अलेक्साला जोडण्याची सोय झाली. म्हणजे जड जिभेचा माणूसही दिवा बंद करायला सांगू शकतो. गूगलनेही २०१९ मध्ये प्रोजेक्ट युफोनिया या नावाने अशा लोकांचे आवाज गोळा करायला सुरुवात केली.

मात्र हे साधन कुणासाठी आहे ते नीट समजून घ्या. ज्याला काय बोलायचे ते ठाऊक आहे, आणि ज्याचे उच्चार बिघडलेले असले तरी दर वेळी साधारण तसेच बिघडतात, त्याला ते उपयोगी. वाचाघाताच्या पेशंटला ते देऊन काही होत नाही. त्याला शब्दच सापडत नसतो, मग यंत्र ऐकणार काय? आणखी एक अनुभवाची गोष्ट. असे पेशंट दमतात. सकाळचा उच्चार आणि संध्याकाळचा उच्चार यांत फरक पडतो. म्हणून यंत्राला शिकवताना थोडे सकाळी, थोडे संध्याकाळी, दहा-दहा मिनिटेच शिकवावे. पेशंट बसलेला असावा, पाठीला आधार असावा, एसी आणि टीव्हीचा आवाज बंद असावा.

भाषेची अडचण

पुतण्याने अशा प्रकारचे एक ॲप मिळवले. भाऊ आठवडाभर इंग्रजी वाक्ये म्हणत बसला. इंग्रजी त्याला येते, पण ते कामावरचे इंग्रजी. वेल्डिंग, व्हॉल्व्ह, ओव्हरटाइम. "आय नीड द टॉयलेट" असे तो आयुष्यात कधी कुणाला म्हणाला नसेल. पोटात दुखले की त्याच्या तोंडी मराठीच येते. रात्री दोन वाजता कुणी आधी इंग्रजी वाक्य जुळवून मग उठत नाही.

दुबईत तर भाषांचे कडबोळे. डॉक्टर अरबी बोलणारे, नर्स मल्याळी, शेजारी पाकिस्तानी, सूनबाई हिंदीत वाढलेल्या, नातवंडे इंग्रजी शाळेत. भावाच्या स्पीच थेरपिस्ट केरळच्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी शहाणपणाची गोष्ट सांगितली. व्यायाम इंग्रजीत करा, हिंदीत करा, पण घरी त्यांच्याशी ते ज्या भाषेत स्वप्न पाहतात त्या भाषेत बोला. ही गोष्ट मी सर्वांना सांगते. पेशंट आजारी पडला म्हणून त्याची भाषा बदलू नका.

मराठीत साधने अगदीच नाहीत असे नाही. पवईच्या आयआयटी मुंबईने जेलो नावाचे ॲप तयार केले आहे. त्यात चित्रांवर बोट ठेवले की फोन वाक्य बोलतो. ते फुकट आहे आणि मराठीतही चालते. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी आवाझ हे साधन बनवले, ते आपल्या देशात या क्षेत्रातले पहिल्या काही साधनांपैकी होते. २०११ साली एमआयटीच्या नियतकालिकाने तरुण संशोधकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. ही दोन्ही साधने मुख्यतः मुलांसाठी बनली, पण मोठ्यांनीही वापरायला हरकत नाही. ती बोटावर चालतात, आवाजावर नाही. म्हणून वाचाघाताच्या पेशंटलाही चित्रे ओळखता येत असतील तर ती देऊन पाहता येतात. चित्रे थोडी लहान मुलांसारखी दिसतात, एवढे पेशंटला आधी समजावून सांगा, नाहीतर त्याला अपमान वाटतो.

पुठ्ठ्याची पाटी, आणि माझी चूक

यंत्राचे जुळेपर्यंत काय करायचे? मी वॉर्डातली जुनी युक्ती काढली. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत २४ शब्द लिहिले. पाणी, चहा, पेज, औषध, संडास, लघवी, उशी, चादर, दिवा, दुखते, थंडी, उकडते, असे. त्याचा डावा हात चालतो म्हणून पाटी डावीकडे टांगली. मला वाटले, झाले काम.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पेज भरवत होते. त्याने पाटीवर हात आपटला. मी विचारले, पाणी? चहा? औषध? तो मान हलवत राहिला, पुन्हा पुन्हा पाटीवर आपटत राहिला. मी आपली शब्दांवर बोट फिरवत होते. शेवटी नऊ वर्षांची नात आली. तिने त्याच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. त्याने पाटीच्या कोऱ्या कडेला वेडेवाकडे लिहिले, "नको."

३६ वर्षे नोकरी केलेल्या बाईने २४ शब्द लिहिले आणि त्यात "नको" नव्हते. मी सगळे शब्द माझ्या सोयीने लिहिले होते. मला त्याच्यासाठी काय करता येईल, एवढेच त्या पाटीवर होते. त्याला काय म्हणायचे आहे ते नव्हते.

मग आम्ही दोघांनी बसून नवी पाटी केली. मी एकेक शब्द सुचवायचा, त्याने मान हलवायची. सर्वांत वर आले "नको", "थांब" आणि "तुला समजले नाही". मग "दार लावून घे", कारण सुनेसमोर लघवीचे भांडे मागायची त्याला लाज वाटत होती आणि ती सांगता येत नव्हती. "मला एकट्याला बसू दे." "माझ्याशी बोला, माझ्याबद्दल नको." शरीराचे एक चित्र, कुठे दुखते ते दाखवायला. नातवंडांची नावे. "बिरडे" आणि "मलिदा" हे शब्द त्याने हट्टाने घालून घेतले. एक शिवीही मागून घेतली. ती या पाटीच्या मागच्या बाजूला आहे आणि या मासिकात छापता येणार नाही. पण तिच्यावर बोट ठेवताना तो आजारानंतर पहिल्यांदा खरा हसला.

तुम्ही पाटी करा किंवा महागडे ॲप घ्या, हे लक्षात ठेवा. पेशंटला फक्त मागता येऊन पुरत नाही. त्याला नकार देता आला पाहिजे, तक्रार करता आली पाहिजे, थट्टा करता आली पाहिजे. शब्द त्याला विचारून घाला.

एक हाक पुरे

यंत्राचा खरा उपयोग आम्हाला वेगळ्याच ठिकाणी सापडला. आयफोनवर २०२४ पासून वॉकल शॉर्टकट्स नावाची सोय आहे. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात ती मिळते. आपण एक शब्द ठरवायचा, तो आपल्या आवाजात तीनदा ऐकवायचा आणि त्याला एक काम जोडून द्यायचे. पुढे तो आवाज ऐकला की फोन ते काम करतो. पूर्ण वाक्य स्वच्छ उच्चारायची गरज पडत नाही.

भाऊ मला लहानपणापासून "बाई" म्हणतो. आता त्याचे ओठ नीट मिटत नाहीत, म्हणून ते "वाऽई" असे ऐकू येते. पुतण्याने तोच आवाज तीनदा फोनला ऐकवला आणि त्याला मुलाला फोन लावण्याचे काम जोडले. पहिल्या दिवशी त्याने गंमत म्हणून सात वेळा हाक मारली आणि पुतण्याचा फोन ऑफिसात सात वेळा वाजला. कुणी रागावले नाही.

पण नर्स म्हणून एक इशारा देते. फोनची बॅटरी उतरते, नेट जाते, खोकला आला की आवाज बदलतो. म्हणून जिवाच्या प्रसंगी यंत्रावर भिस्त ठेवू नका. भावाच्या उशाशी डाव्या हाताला आम्ही पितळेची साधी घंटी ठेवली. दोन महिन्यांत ती तीनदा वाजली आणि तिन्ही वेळा खरेच काम होते.

ज्यांचा आवाज पुढे जाणार हे आधीच कळलेले असते, म्हणजे मोटर न्यूरॉनचा आजार किंवा स्वरयंत्राची शस्त्रक्रिया ठरलेली, त्यांनी आवाज असतानाच रेकॉर्ड करून ठेवावा. २०२३ पासून आयफोनमध्ये पर्सनल व्हॉइस आहे. त्यात दिलेली वाक्ये वाचून दाखवली की फोन तुमच्यासारखा आवाज तयार करतो. सुरुवात त्यांनी इंग्रजीपासून केली. मराठीसाठी साधा उपाय करा. नेहमीची वाक्ये, नातवंडांची नावे, शब्बाथची प्रार्थना, आपल्या आवाजात फोनवर भरून ठेवा. त्याला खर्च काही नाही.

एमिरातीत राहणाऱ्यांसाठी

तिकडे अपंग हा शब्द आता सरकारी कागदात वापरत नाहीत. २०१७ साली दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन रशीद यांनी "पीपल ऑफ डिटरमिनेशन" हे नाव दिले, अरबीत "अस्हाब अल-हिमम", म्हणजे जिद्दीची माणसे. अपंगांच्या हक्कांचा संघराज्याचा कायदा २००६ सालचा आहे. चौकशी करताना हेच नाव वापरा म्हणजे योग्य खिडकी मिळते.

दुबईत कम्युनिटी डेव्हलपमेंट अथॉरिटीचे सनद कार्ड मिळते. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही त्यासाठी अर्ज करता येतो. अर्जाला डॉक्टरांचे निदान लेखी लागते, म्हणून डिस्चार्जच्या कागदात बोलण्याचा दोष स्पष्ट लिहून घ्या. नुसते "स्ट्रोक" लिहिलेले पुरत नाही.

विमा असतो, पण स्पीच थेरपीच्या किती बैठका त्यात बसतात हे आधी कंपनीला लेखी विचारा. आईवडिलांचा विमा मुलाच्या नोकरीच्या विम्याहून वेगळा असू शकतो. बैठका संपल्या तर मुंबईच्या थेरपिस्टकडून ऑनलाइन व्यायाम चालू ठेवता येतो. एमिरातीत व्हॉट्सॲपवर निरोप जातो, पण कॉल सहसा लागत नाही. त्यासाठी झूम किंवा बोटिम लागते, हे मुंबईच्या थेरपिस्टना आधी सांगून ठेवा.

बोलायला न लागलेली मुले ज्यांच्या घरी आहेत त्यांच्यासाठी दुबईत अल नूर केंद्र १९८१ पासून आहे, शारजात सिटी फॉर ह्युमॅनिटेरियन सर्व्हिसेस १९७९ पासून, आणि अबुधाबीत झायेद ऑथॉरिटी फॉर पीपल ऑफ डिटरमिनेशन. परत मुंबईला येणार असाल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाणी आणि श्रवणदोषावर काम करते. यंत्र विकत घेण्याआधी अशा ठिकाणी दाखवा.

अबुधाबीचा शनिवार

परत यायच्या आधी भावाने एक हट्ट धरला. पाटीवर तो शब्द नव्हता, म्हणून त्याने फोनवर चित्र काढून दाखवले. अबुधाबीला सादियात बेटावर अब्राहमिक फॅमिली हाऊस आहे. मशीद, चर्च आणि आपले सिनेगॉग एकाच आवारात. २०२३ साली ते उघडले. सिनेगॉगला मोशे बेन मायमोन यांचे नाव आहे, म्हणजे आपले रॅम्बाम, जे स्वतः मोठे वैद्य होते. भाऊ इतकी वर्षे आखातात राहिला, पण घराबाहेर कुठे प्रार्थनेला बसायची सोय त्याला कधी नव्हती. शब्बाथच्या आदल्या दिवशीच जाऊन आम्ही जवळ राहिलो.

तिथे "शेमा" सुरू झाली तेव्हा त्यानेही म्हटली. अक्षरे तुटत होती, लाळ गळत होती, मी रुमाल धरला होता. शेजारच्या माणसाने त्याच्याकडे वळून पाहिले, मान लववली आणि पुढे म्हणू लागला.

मला मोशे रब्बेनू आठवले. निर्गमच्या चौथ्या अध्यायात ते देवाला सांगतात की माझे तोंड जड, जीभ जड, मला फारोकडे पाठवू नकोस. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. देवाने त्यांची जीभ सैल केली असे तिथे लिहिलेले नाही. बरोबर अहरोनला दिले. मोशेने सांगायचे आणि भावाने लोकांना ऐकवायचे. सांगायचे काय, ते मात्र मोशेनेच ठरवायचे. अशा पेशंटच्या घरच्यांनी हा अध्याय एकदा वाचावा.

घरच्यांनी कसे वागावे

समोर बसून, डोळ्यांत पाहून बोला. ओरडू नका, त्याला ऐकू येते. एका वेळी एकच प्रश्न विचारा, आणि शक्य तर हो-नाहीत उत्तर येईल असा विचारा. उत्तराला वेळ द्या, मनात दहा आकडे मोजा. त्याचे वाक्य आपण पुरे करू नका. समजले नाही तर समजल्याचे नाटक करू नका, "पुन्हा सांग" म्हणा. जेवढे समजले तेवढे त्याला परत म्हणून दाखवा, म्हणजे त्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही. पाहुण्यांसमोर त्याच्या डोक्यावरून त्याच्याविषयी चर्चा करू नका. आणि त्याच्या बोलण्यावर तो स्वतः हसला तरच हसा.

भावाचे बोलणे पूर्वीसारखे झालेले नाही, होईल असे डॉक्टरही म्हणत नाहीत. अनोळखी माणसाला आजही त्याचे निम्मे समजत नाही. थेरपी चालू आहे. दर शुक्रवारी दुपारी मला त्याचा आवाजी निरोप येतो. मला एकदा ऐकून कळला नाही तर मी पुन्हा लावते.

कात्रण करून ठेवा

चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात वर राहत नाही, किंवा बोलणे अचानक अडखळले, तर तो पक्षाघात समजा. थोडे झोपल्यावर बरे वाटेल म्हणून थांबू नका. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि जितके लवकर तितका मेंदू वाचतो. लक्षण किती वाजता सुरू झाले ते घड्याळात पाहून लिहून ठेवा. तोंडाने काही देऊ नका.

रुग्णवाहिका: एमिरातीत ९९८, महाराष्ट्रात १०८, इस्राएलमध्ये १०१.

हे आकडे फ्रिजवर लावा, आणि आजीआजोबांना इंग्रजी येत नसेल तर घराचा पत्ता इंग्रजीत लिहून त्याच्या शेजारी चिकटवा.